चालताना पोटरी भरून येते? वेळीच पाय दाखवा

परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोड या भागातल्या चाळींत पायदुखीची तक्रार नाही असे घर क्वचितच सापडेल. "जन्मभर साच्यावर उभा राहिलो, आता पाय बोलणारच," असे म्हणून वडीलधारी माणसे गप्प बसतात. घरातली मंडळी तेल चोळून देतात, कोणी बाम आणून देतो आणि दिवस पुढे जातात. पाय दुखण्याची कारणे अनेक असतात. कोणाचे गुडघे झिजलेले असतात, कोणाचा मणका दुखावलेला असतो. परंतु एक पायदुखी अशी आहे की तिच्याकडे काणाडोळा केला तर बोट काळे पडते आणि पुढे पाय कापण्याची पाळी येते. कमावत्या माणसाचा पाय गेला की सगळ्या घराची चूल अडखळते. म्हणून हे दुखणे प्रत्येक कुटुंबाने ओळखून ठेवले पाहिजे.

दुखणे ओळखावे कसे?

हृदयाकडून पायाकडे शुद्ध रक्त नेणाऱ्या रक्तवाहिन्यांत चरबी व चुना साठून त्या आतून अरुंद होतात. बसले असताना पायाला रक्त थोडे लागते, तेवढे पुरते. चालू लागले की पोटरीच्या स्नायूला जास्त रक्त हवे असते, ते मिळत नाही. मग ठरावीक अंतर चालले की पोटरीत गोळा येतो. दोन-चार मिनिटे उभे राहिले की तो ओसरतो, पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा येतो. परळ स्टेशनच्या पुलावरून के.ई.एम.पर्यंत पूर्वी एका दमात जाणारा माणूस वाटेत दोनदा थांबू लागला, तर त्याला "वय झाले" म्हणून सोडून देऊ नये.

रोग वाढला की रात्री पडल्यापडल्याही पाऊल ठणकते. पाय खाटेवरून खाली सोडला की बरे वाटते, म्हणून माणूस रात्रभर बसून काढतो. पाऊल थंड पडते, केस झडतात, जखम दोन-दोन आठवडे भरत नाही. पाय एकाएकी पांढरा, गार व बधिर होऊन असह्य दुखू लागला, तर ती आणीबाणी समजावी. काही तासांत उपचार झाला नाही तर पाय हातचा जातो. अशा वेळी सकाळच्या ओ.पी.डी.ची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे.

मधुमेह असणाऱ्यांनी आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. बाबासाहेबांना मधुमेह होता. राज्यघटनेच्या मसुद्याच्या धकाधकीच्या काळात पायांच्या वेदनांनी त्यांच्या कित्येक रात्री झोपेविना गेल्या. त्यांचे ते दुखणे मज्जातंतूंच्या दाहाचे होते. तंतूंच्या दुखण्यात पायांची आग होते, मुंग्या येतात, आणि चालणे थांबवले म्हणून ते थांबतेच असे नाही. मधुमेह्याला तंतूंचे आणि रक्तवाहिन्यांचे, अशी दोन्ही दुखणी एकदम असू शकतात. पाय बधिर असेल तर रक्त कमी पडल्याची वेदना जाणवतच नाही आणि पहिली खूण म्हणून थेट काळे बोटच दिसते.

विडी आणि पाय

या रोगाचे मोठे कारण तंबाखूचा धूर हे होय. मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि रक्तातली चरबी ही त्याची भावंडे. गिरणगावातल्या चिमण्या थंडावल्या, पण रातपाळीत लागलेली विडी अनेकांची सुटली नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्या चाळिशीच्या आतल्या तरुणांना 'बर्जर'चा रोगही होतो. त्यात हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजून बंद पडतात. त्याचा खरा इलाज एकच, तंबाखू कायमची सोडणे. विडी चालू ठेवली तर कितीही उपचार केले तरी बोटे जातात.

फुगा आधी पायात गेला

'अँजिओप्लास्टी' म्हटले की आपल्याला हृदय आठवते. पण ही विद्या जन्मली पायासाठी. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे डॉ. चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतील अरुंद रक्तवाहिनी आतून नळ्या सरकवून रुंद केली. शल्यविशारदांनी पाय कापण्याचा सल्ला दिला होता आणि बाईंनी त्यास साफ नकार दिला होता. त्यांचा पाय वाचला. पुढे १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे डॉ. आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी पायाच्या रक्तवाहिनीत फुगा वापरला. त्याचे प्रयोग ते घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर करीत असत. तोच फुगा १९७७ मध्ये हृदयापर्यंत पोहोचला.

यात पोट किंवा पाय फाडावा लागत नाही. जांघेत भूल देऊन सुईने छिद्र करतात, त्यातून बारीक तार अडथळ्यापलीकडे नेतात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत तारेवरून मिटलेला फुगा सरकवतात. तो फुगवला की साठलेला थर दाबला जाऊन रक्ताला वाट मिळते. मग फुगा मिटवून बाहेर काढतात.

औषधी फुगा म्हणजे काय?

साध्या फुग्याची एक अडचण होती. ताणली गेलेली रक्तवाहिनी जखम भरावी तशी आतून वाढू लागते आणि काही महिन्यांत वाट पुन्हा अरुंद होते. यावर उपाय म्हणून फुग्यालाच औषधाचा लेप देण्याची कल्पना पुढे आली. बहुतेक फुग्यांवर 'पॅक्लिटॅक्सेल' हे औषध असते. परळच्याच टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या रुग्णांना शिरेतून देतात तेच हे औषध, मात्र फुग्यावर त्याची मात्रा अगदी अल्प असते. साध्या फुग्याने वाट मोकळी करून घेतल्यावर औषधी फुगा दोन-तीन मिनिटे फुगवून धरतात. तेवढ्यात औषध भिंतीत उतरते आणि पेशींची फाजील वाढ रोखते. आत कायमची जाळी राहत नाही, हा त्याचा फायदा. गुडघ्याजवळ पाय सतत वाकतो, तिथे जाळी टाळलेली बरी असते.

मांडीतल्या आणि गुडघ्यामागच्या रक्तवाहिन्यांत या फुग्याने वाट जास्त काळ मोकळी राहते, असे अनेक चाचण्यांत दिसले. गुडघ्याखालच्या बारीक वाहिन्यांत मात्र फायदा तितका स्पष्ट नाही. २०१८ च्या अखेरीस या औषधाने मृत्यू वाढतात की काय, अशी शंका निघाली आणि अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१९ मध्ये डॉक्टरांना सावध केले. २०२३ मध्ये त्यांनीच उपलब्ध माहितीवरून तसा धोका दिसत नाही असे जाहीर केले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील मोठ्या चाचणीत असे आढळले की औषधी साधनांनी पाय कापण्याचे प्रमाण साध्या साधनांपेक्षा कमी झाले नाही. तेव्हा "औषधवाला फुगा टाकला म्हणजे पाय वाचलाच" असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये, आणि महाग फुगा परवडला नाही म्हणून साधा उपचारही लांबवू नये. वेळेवर रक्ताची वाट मोकळी होणे हे सर्वांत महत्त्वाचे.

रुग्णालयात जाताना

पहिली तपासणी अगदी साधी असते. डॉक्टर घोट्याजवळचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहतात. हे गुणोत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आले तर वाहिनीत अडथळा आहे असे समजतात. मधुमेह्यांच्या वाहिन्या कडक झालेल्या असल्याने त्यांचा आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून 'डॉपलर' सोनोग्राफीही करतात. के.ई.एम., नायर, सायन ही पालिकेची व जे.जे. हे सरकारी रुग्णालय आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि जुने कागद बरोबर न्यावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो आणि फुगा त्यात धरला आहे की वेगळा आणावा लागेल, हे आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावे. कामगार विमा असेल तर तेही सांगावे.

डॉक्टरांना हे प्रश्न निःसंकोच विचारावेत: अडथळा नेमका कुठे आहे? औषधे व चालण्याचा व्यायाम यांनी भागेल का? साधा फुगा, औषधी फुगा, जाळी की बायपास, यांतले काय व कशासाठी? मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगावे, कारण तपासणीत वापरला जाणारा रंग मूत्रपिंडावर भार टाकतो. उपचारानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि चरबीच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत.

घरचे पथ्य

नुसते चालताना दुखते, जखम नाही, अशा पुष्कळांना चालण्यानेच आराम पडतो. गोळा येईपर्यंत चालावे, थांबावे, पुन्हा चालावे. असे अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, तीन महिने. नरे पार्क किंवा शिवाजी पार्कची फेरी यासाठी उत्तम. मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

मधुमेह्याची पावले घरातल्या कोणीतरी रोज रात्री उजेडात पाहावीत, बोटांच्या बेचक्यांतही. कुरूप ब्लेडने कापू नये. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नये. अनवाणी फिरू नये. हिंदमात्याला पाणी तुंबले असता पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरू नये, उतरावेच लागले तर घरी येऊन पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत.

आपल्या घरातले आजोबा, आई, मामा चालताना वाटेत थांबत असतील तर त्यांना एवढेच विचारा: "थांबल्यावर बरे वाटते का?" उत्तर 'हो' आले तर याच आठवड्यात त्यांना बरोबर घेऊन रुग्णालय गाठा. काळे पडलेले बोट पुन्हा जिवंत करता येत नाही, परंतु ते काळे पडण्याआधी पाय वाचवणे पुष्कळदा आपल्या हातात असते.