फार्मसीच्या मुलांमधला नेता कसा ओळखायचा?

आपल्या वस्तीतली मुले-मुली आता डी. फार्म., बी. फार्म.ला जाऊ लागली आहेत. कॉलेजात गटाने काम करताना जो मोठ्याने, फाडफाड इंग्रजी बोलतो तोच पुढारी ठरतो. गप्प राहून काम करणारी मुलगी मागे पडते. हे माप खोटे आहे.

नेतृत्वाच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. कुर्ट लेविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत लहान मुलांच्या गटांवर केलेला अभ्यास १९३९ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीन पद्धती होत्या : हुकूम सोडणारी, सर्वांना विचारून चालणारी आणि मोकळे सोडून देणारी. हुकमाच्या गटात प्रमुख बाहेर गेला की काम थंडावे. विचारून चालणाऱ्या गटात ते चालू राही.

औषधाच्या दुकानात हा फरक जिवाशी येतो. समजा, चिठ्ठीवरचा डोस जास्त वाटतो आहे. शिकाऊ मुलगी "सर, डॉक्टरांना एकदा विचारू या" असे म्हणू शकेल का? वरचा माणूस नुसता खेकसत असेल, तर ती गप्प बसेल. मी नर्स असताना हेच पाहिले. ज्यांचा धाक मोठा, त्यांच्या ड्युटीत चुकलेला डोस कोणी सांगत नसे.

मात्र हुकूम कधीच नको, असेही नाही. औषध घेताच कुणाचा श्वास कोंडला, तर तिथे चर्चा करत बसू नये. एकाने सांगावे, बाकीच्यांनी धावावे. वेळ ओळखून पद्धत बदलता येणे हेच खरे कौशल्य.

हे तपासण्यासाठी प्रश्नावल्या आहेत. बास आणि अव्होलिओ यांच्या प्रश्नावलीत ४५ विधाने आहेत. ती माणूस स्वतः भरतो आणि त्याच्याबरोबर काम करणारेही भरतात. कारण आपल्याबद्दल आपले मत नेहमी बरेच असते!

डी. फार्म.ला ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असते. त्या काळात मुलांनी स्वतःला आणि सोबत्यांना एवढे विचारावे :

– माझी चूक मी आपणहून सांगतो का?
– दुसऱ्याने चूक दाखवली तर चिडतो का?
– न बोलणाऱ्याला विचारतो का?
– अडचणीच्या वेळी पुढे होतो की सटकतो?

दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तर तिथेच सुधारायला जागा आहे. आणि पालकांनो, "आमची पोरगी बोलत नाही, तिला काय जमणार" असे म्हणू नका. योग्य वेळी एक प्रश्न विचारणारी मुलगीच रुग्ण वाचवते.