स्वतःचा गेम सर्व्हर : मुक्त स्रोताचे स्वातंत्र्य आणि चालकाची जबाबदारी

नवी दिल्ली : केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ मोबाईल ॲपवर बंदी घातली. त्यांत ‘पबजी मोबाईल’ होते. ज्यांच्या फोनमध्ये हा खेळ आधीपासून होता, ते पुढेही काही आठवडे खेळत राहिले. ३० ऑक्टोबरला मात्र भारतातील सेवा थांबली आणि ॲप निरुपयोगी ठरले. सामूहिक ऑनलाइन खेळाचा प्राण फोनमध्ये नव्हे, तर सर्व्हरमध्ये असतो.

सर्व्हर काय करतो?

प्रत्येक खेळाडूचे यंत्र आपली हालचाल सर्व्हरला कळवते. कोण कुठे आहे, नेम कोणाला लागला, याचा निवाडा सर्व्हर दर सेकंदाला अनेकदा करून तो सर्वांना पाठवतो. ही प्रणाली केवळ कंपनीकडे असेल, तर तिच्या निर्णयाबरोबर खेळही संपतो.

मुक्त स्रोतामुळे हे अवलंबित्व संपते. इड सॉफ्टवेअरने ‘क्वेक’चा कोड १९९९ मध्ये खुला केला. ‘माइनटेस्ट’ या नावाने सुरू झालेल्या व २०२४ पासून ‘लुआंटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंचावर लुआ भाषेत नवे नियम लिहून स्वतःचा खेळ घडवता येतो. त्यासाठी लिनक्सवर चालणारा साधा संगणक किंवा भाड्याचा क्लाउड सर्व्हर पुरतो. मात्र नियमित बॅकअप, वेळेवर अद्ययावतीकरण आणि प्रवेशावर नियंत्रण ही कामे चालकालाच करावी लागतात.

अंतराचे गणित

ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. दिल्ली ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ४,१०० किलोमीटर असल्याने संदेशाच्या जाण्या-येण्यास किमान ४१ मिलिसेकंद लागतात. सर्व्हर नोएडात असल्यास दिल्ली परिसरातील खेळाडूंसाठी हा विलंब नाममात्र राहू शकतो. देशांतर्गत डेटाची देवाणघेवाण देशातच व्हावी, यासाठी २००३ मध्ये स्थापन झालेल्या ‘निक्सी’चे केंद्रही नोएडात आहे.

कायदा काय सांगतो?

कोड खुला असला, तरी खेळातील चित्रे, नकाशे व नाव खुले असतीलच असे नाही. ‘क्वेक’चा कोड मुक्त आहे, त्यातील मूळ चित्रे नाहीत. ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर व कंपन्यांनी १८० दिवसांच्या नोंदी जतन करणे आणि सायबर घटनेची माहिती ६ तासांत देणे बंधनकारक आहे. ऑनलाइन गेमिंग कायदा, २०२५ ई-स्पोर्ट्सला मान्यता देतो, परंतु पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करतो. असा खेळ चालवणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे हौशी सर्व्हरवर बक्षिसासाठी प्रवेश शुल्क आकारण्यापूर्वी कायदेशीर सल्ला घेणे हिताचे ठरते.