जडलेला दात

माझी पुतणी अकरा वर्षांची असताना सायकलवरून पडली आणि तिचा वरचा पुढचा दात मुळासकट निघून आला. मी तो रुमालात गुंडाळला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तासाहून अधिक वेळ गेला. डॉक्टरांनी दात पुन्हा जागेवर बसवला, तो टिकलाही. पण दोन वर्षांत शेजारच्या दातांपेक्षा आखूड दिसू लागला. आरशाच्या दांड्याने टकटक केली की त्याचा आवाज इतर दातांपेक्षा चढा येई. दात हाडाला चिकटला होता.

चिकटला तर बिघडले कुठे, असे मला वाटले. उत्तर सस्तन प्राण्यांच्या जबड्यात आहे. सरड्याचे दात हाडालाच जोडलेले असतात. आपला दात मात्र हाडाच्या खोबणीत जणू टांगलेला असतो. मूळ आणि खोबण यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचे तंतूंचे अस्तर असते. ते चावण्याचा दाब झेलते, भातातला खडा जाणवून देते आणि वाढत्या चेहऱ्याबरोबर दाताला सरकू देते. माझ्या रुमालात नेमके तेच सुकून मेले होते.

"मग हा काढून इम्प्लांट बसवू," भाऊ म्हणाला. डॉक्टरांनी मान हलवली.

इम्प्लांटची गोष्ट १९५२ सालची. स्वीडनमधील लुंड येथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण अभ्यासत होते. त्यासाठी हाडात बसवलेले टायटेनियमचे उपकरण शेवटी निघेचना. हाडाने धातूला घट्ट धरले होते. टायटेनियमवर हवेत आपोआप ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो. शरीराची गाठ पडते ती या थराशी, आणि तो शरीराला खुपत नाही. १९६५ साली ब्रोनेमार्क यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटेनियमचे स्क्रू बसवले. ते त्याला जन्मभर, चाळीस वर्षे पुरले.

म्हणजे पुतणीच्या दाताचे जे दुखणे, तेच इम्प्लांटचे यश: हाडात जडणे. वाढत्या जबड्यात स्क्रू बसवला, तर शेजारचे दात हाडासह खाली येत राहतात आणि स्क्रू मागेच राहतो. म्हणून चेहऱ्याची वाढ थांबेपर्यंत थांबायचे. दरम्यान डॉक्टरांनी चिकटलेल्या दाताचा वरचा भाग काढला आणि मूळ मुद्दाम आत ठेवले. ते हळूहळू विरते, त्याच्या जागी हाड येते आणि पुढच्या इम्प्लांटसाठी हाडाची रुंदी राखली जाते.

पुतणी आता सोळा वर्षांची आहे. काढता-घालता येणारा दात लावून कॉलेजात जाते आणि वाट पाहते आहे.

मी मात्र भेटेल त्याला सांगतो: मुलाचा कायमचा दात पडला तर तो मुळाला हात न लावता उचला, शक्य असल्यास लगेच जागेवर बसवा, नाहीतर थंड दुधात ठेवा आणि अर्ध्या तासात दंतवैद्य गाठा. दुधाचा दात मात्र परत बसवू नका. त्या दिवशी आमच्या घरात दूध होते.