उपाशी पेशीचे गुपित

एकादशीच्या फराळाचा विषय निघाला, की हल्ली कोणीतरी हमखास म्हणते, 'उपवासाने ऑटोफॅजी होते; नोबेलच मिळाले आहे त्याला!' नोबेल मिळाले, हे खरे. पण ते कशासाठी?

१९८८ साली टोकियो विद्यापीठात योशिनोरी ओसुमी यांनी, वयाच्या ४३व्या वर्षी, स्वतःची छोटी प्रयोगशाळा सुरू केली. विषय होता यीस्टच्या पेशीतील रिक्तिका. पेशीची कचराकुंडी म्हणून तिच्याकडे फारसे कोणी वळत नसे. ओसुमींनी रिक्तिकेत प्रथिने पचविणारे विकर नसलेले यीस्ट घेतले आणि त्याला उपाशी ठेवले. काही तासांतच रिक्तिका बारीक पुटिकांनी भरून गेली. पेशी आपल्याच अंतरंगाचे अंश तेथे आणून टाकीत होती. पचन खुंटल्यामुळे ते साचले आणि नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. घरातली अडगळ मोडून चुलीला सरपण करावे, तसाच हा प्रकार! १९९३पर्यंत त्यासाठी लागणारी १५ जनुकेही त्यांच्या प्रयोगशाळेने शोधली. नोबेल मिळाले ते २०१६ साली, या यंत्रणेच्या उलगड्यासाठी.

ही यंत्रणा आपल्याही पेशींत आहे आणि पोटभर जेवलेल्या दिवशीही ती मंदपणे चालूच असते. मात्र माणसाने किती तास उपाशी राहावे, हे त्या यीस्टने सांगितलेले नाही. घरातील मधुमेही आजी-आजोबा इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर कडक उपवासात त्यांची साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. औषधाची मात्रा उपवासापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.