नागलीच्या सत्त्वात सत्त्व किती? स्वयंपाकघरातलं पोषणशास्त्र आणि त्याचं पदव्युत्तर शिक्षण

बाहेरगावी कुणाला "अकोल्यात व्याख्यान आहे" असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "विदर्भात का?" मग सांगावं लागतं की अकोला नव्हे, अकोले. प्रवरेकाठचं, अगस्ती ऋषींचं. त्या अगस्तींची गोष्ट इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. इल्वल नावाचा राक्षस आपल्या भावाला, वातापीला, बोकड करून शिजवायचा आणि पाहुण्याला वाढायचा. जेवण झालं की हाक मारायचा आणि वातापी पाहुण्याचं पोट फाडून बाहेर यायचा. अगस्तींनी मात्र हाक येण्याआधीच त्याला पचवून टाकलं.

गोष्ट पुराणातली, पण आजच्या विषयाची सुरुवात तिथूनच करता येते. ताटात काय पडलं आणि अंगी काय लागलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोहोंच्या मध्ये काय घडतं, हे शिकण्याचं शास्त्र म्हणजे स्वयंपाकाचं पोषणशास्त्र. इंग्रजीत त्याला 'कलिनरी न्यूट्रिशन' म्हणतात. पदवीनंतर ते का शिकावं, कुठे शिकावं आणि अकोल्याच्या मुलामुलींना त्यात करण्यासारखं काय आहे, हे आज आपण बघणार आहोत.

तक्ता कुठे थांबतो

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात 528 पदार्थांची माहिती आहे. नाचणी, म्हणजे आपल्याकडची नागली, त्यात काढून पाहा. 100 ग्रॅम नागलीत 364 मिलिग्रॅम कॅल्शियम. तांदूळ आणि गहू याच्या जवळपासही नाहीत.

आता हिशोब करू. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 500 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, असं याच संस्थेची 2020 ची शिफारस सांगते. 30 ग्रॅम नागलीच्या पिठात साधारण 109 मिलिग्रॅम येतं. म्हणजे दिवसाच्या गरजेचा पाचवा हिस्सा एका वाटीत. कागदावर हिशोब चोख आहे. पण हा हिशोब कच्च्या, अख्ख्या दाण्याचा आहे. आपण कच्चा दाणा खातो का? नाही. आपण भाकरी खातो, आंबील पितो, बाळाला सत्त्व भरवतो.

इथेच खरी गंमत आहे. 'नागलीचं सत्त्व' या एका नावाखाली आपल्या घरांमध्ये दोन वेगळे पदार्थ केले जातात.

पहिली रीत अशी. नागली रात्रभर भिजवायची, निथळून फडक्यात बांधून ठेवायची, मोड आणायचे, वाळवायची, मोड चोळून काढायचे, हलकी भाजून दळायची.

दुसरी रीत वेगळी. नागली भिजवून वाटायची, पातळ फडक्यातून गाळायची, वरचा चोथा टाकायचा, खाली बसलेला पांढरट साका वाळवायचा आणि त्याची पूड करायची.

दोन्ही डब्यांवर नाव एकच. दुकानात गेलात तर तिथेही तेच. पण नागलीच्या दाण्यात कॅल्शियम सगळीकडे सारखं नसतं. त्याचा मोठा वाटा दाण्याच्या सालीत असतो. गाळताना आपण जो चोथा टाकतो, त्यात ती साल जाते. मागे उरतो तो मुख्यतः स्टार्च. तो पचायला हलका, दिसायला छान, बाळ आवडीने खातं. पण ज्या कॅल्शियमसाठी आपण नागली निवडली, त्यातलं बरंचसं आपण कोंबड्यांना घातलेलं असतं.

मग पहिली रीतच बरोबर, असं म्हणून थांबायचं का? नाही. सालीत कॅल्शियमबरोबर फायटेट आणि टॅनिनही असतात. हे घटक लोह, जस्त, कॅल्शियम यांना धरून ठेवतात आणि आतड्यातून शरीरात जाऊ देत नाहीत. मोड आणले की दाण्यातलं फायटेज नावाचं एन्झाइम जागं होतं आणि फायटेट काही प्रमाणात मोडतं. आंबवल्यानेही ते कमी होतं. म्हणून साल ठेवून मोड आणले तर खनिजंही राहतात आणि त्यांची सुटकाही काही अंशी होते. किती अंशी? ते भिजवण्याच्या तासांवर, पाण्यावर, हवेच्या उष्णतेवर आणि दाण्याच्या वाणावर ठरतं. हे 'किती' सांगणारा माणूस तयार करणं, हे पदव्युत्तर शिक्षणाचं काम आहे.

बाळाचं पोट आणि लापशीचा घट्टपणा

मोड आणण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि लहान मुलांसाठी तो फार मोलाचा आहे. साध्या पिठाची लापशी शिजवली की स्टार्च फुगतो आणि ती घट्ट होते. आई काय करते? पाणी घालते. लापशी पातळ झाली, पण तेवढ्याच वाटीत पीठ कमी आलं. आठ महिन्यांच्या बाळाचं पोट ते केवढं! ते पाण्यानेच भरतं. बाळ तृप्त दिसतं आणि वजन मात्र हलत नाही.

मोड आलेल्या दाण्यात अमायलेज हे एन्झाइम तयार होतं. ते स्टार्चचे लांब धागे तोडतं. शिजवून कोमट केलेल्या घट्ट लापशीत असं पीठ चमचाभर मिसळलं की ती थोड्या वेळात सैल होते. म्हणजे पाणी न वाढवता ती बाळाला गिळता येते, आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी या विषयावर पुष्कळ काम केलं. यात एक पथ्य आहे. हे पीठ खळखळत्या लापशीत टाकलं तर एन्झाइम मरतं आणि उपयोग होत नाही. आणि घातल्यानंतर पुन्हा एक उकळी द्यायची, म्हणजे जंतूंची भीती राहत नाही. बघा, सगळा खेळ कधी घालायचं आणि कधी उकळायचं याचा आहे. हे तक्त्यात लिहिलेलं नसतं.

कमला सोहोनी यांची वाट

हे शिक्षण नवीन फॅशन आहे, असं कुणाला वाटेल. तसं नाही. मराठी घरातल्या एका बाईने नव्वद वर्षांपूर्वी ही वाट धरली. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. 1933 साली त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. मग वर्षभर पारखून पाहू, या अटीवर त्यांना घेतलं गेलं. तिथे त्यांनी दूध आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. पुढे 1939 मध्ये केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. परत आल्यावर कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या रमल्या.

मुंबईत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कशावर काम केलं? कडधान्यांवर, तांदळाच्या पिठावर आणि नीरेवर. आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना नीरेचा आहारात उपयोग होतो का, हे त्यांनी तपासलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. केंब्रिजहून आलेली बाई गरिबाच्या ताटातला पदार्थ प्रयोगशाळेत नेते, हे या शिक्षणाचं खरं रूप आहे.

अकोल्यात काय आहे

आता आपल्या तालुक्याकडे वळू. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्हाला सांगायला नको. त्यांनी गावठी वाण जपले, बायफ संस्थेच्या साथीने बियाणे बँक उभी राहिली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. काळभात, नागली, वरई, हुलगा, वाल, खुरासणी यांचं बी आज आपल्या हाताशी आहे. बी टिकलं, हे अर्धं काम झालं. ते बी शिजतं कसं आणि अंगी किती लागतं, हे दुसरं अर्धं अजून आपल्यापुढे आहे.

त्याची निकड काय, ते आकडे सांगतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांमागे एकापेक्षा थोडी जास्त मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना 2015 पासून अमृत आहार योजनेत एक वेळचं गरम जेवण मिळतं. त्या जेवणात काय असावं, हे ठरलेलं आहे. पण भाजी किती वेळ शिजवायची, भाताचं पाणी टाकायचं की जिरवायचं, लिंबाची फोड द्यायची का, जेवणावर लगेच चहा प्यायचा का, यावर त्या जेवणातलं लोह आणि जीवनसत्त्वं अंगी लागणं अवलंबून असतं. लिंबाने लोहाचं शोषण वाढतं, चहाने घटतं. भाताचं पाणी ओतून दिलं तर ब गटातली जीवनसत्त्वं त्याबरोबर जातात. यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही. लागतो तो जाणता माणूस.

शिकायचं कुठे

'कलिनरी न्यूट्रिशन' अशा नावाच्या पदव्या अमेरिकेत जॉन्सन अँड वेल्ससारख्या विद्यापीठाने सुरू केल्या. आपल्याकडे हे ज्ञान वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेलं आहे. अन्नशास्त्र व पोषण, आहारशास्त्र, उपयोजित पोषण, अन्न तंत्रज्ञान, अशी ही नावं. म्हणून नाव पाहून दार ठोठावू नका, अभ्यासक्रम पाहा.

मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाचं जुहूचं गृहविज्ञान महाविद्यालय आणि निर्मला निकेतन इथे पोषणाच्या एम.एस्सी. आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्न व पोषण हा विषय आहे आणि तिथे शेत आणि स्वयंपाकघर यांच्यात अंतर कमी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत उपयोजित पोषणाची एम.एस्सी. आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत प्रक्रियेच्या बाजूने शिकता येतं. घर सोडता येत नसेल तर इग्नूची आहारशास्त्राची एम.एस्सी. दूरशिक्षणाने करता येते. प्रवेशासाठी सहसा गृहविज्ञान, पोषण, अन्नशास्त्र, जीवरसायन यांसारखी विज्ञानाची पदवी मागतात. दरवर्षीचे नियम ज्या त्या संस्थेकडूनच खात्री करून घ्या.

प्रवेश घेताना तीन प्रश्न विचारा. प्रयोगशाळेत शिजवलेल्या अन्नाचं विश्लेषण करायला मिळतं का? प्रत्यक्ष गावात किंवा रुग्णालयात काम असतं का? प्रबंधाचा विषय आपला आपण निवडता येतो का? तिन्हींना 'हो' उत्तर आलं, तर नाव काहीही असो, ते शिक्षण आपल्या कामाचं.

प्रबंध कसा दिसेल

समजा, एखादीने नागलीचं सत्त्व हाच विषय घेतला. तिने आधी घरोघर जाऊन बायका प्रत्यक्ष काय करतात ते पाहायचं, त्या काय सांगतात तेवढ्यावर थांबायचं नाही. वजनकाटा आणि घड्याळ बरोबर हवं. मग एकाच शेतातली, एकाच वाणाची नागली घेऊन तीन पदार्थ करायचे: साधं पीठ, मोडाचं पीठ, गाळलेलं सत्त्व. प्रत्येकातला ओलावा मोजून आकडे कोरड्या वजनावर आणायचे. नाहीतर पातळ पदार्थात सगळंच कमी दिसतं आणि फसगत होते. मग कॅल्शियम, लोह, फायटेट मोजायचं. पोटातल्यासारखी आम्लता आणि पाचक रस नळीत तयार करून त्यातून किती खनिज सुटतं, ते पाहायचं. लापशीचा घट्टपणा मोजायचा. शेवटी आयांना आणि मुलांना चव द्यायची, कारण बाळाने तोंड फिरवलं तर बाकी सगळे आकडे वाया.

आणि एक प्रश्न तिने विसरायचा नाही. घाटघर, साम्रदच्या पावसात मोड आलेलं धान्य वाळवायचं कुठे? ओलं राहिलं तर बुरशी धरते, आणि बुरशीचं विष भाजून जात नाही. शहरातल्या प्रयोगशाळेत हा प्रश्न सुचत नाही. इथल्या मुलीला तो आधी सुचेल. म्हणून आम्ही म्हणतो, हे शिक्षण अकोल्याच्या मुलामुलींनी घ्यायला हवं.

एक सावधानता सांगतो. आजीची रीत म्हणजे शास्त्रच, असंही नाही आणि अडाणीपणा, असंही नाही. नागलीचं पाहून ज्वारीला तसेच मोड आणले, तर ज्वारीच्या कोंबात सायनाइड सोडणारा घटक असतो. कोंब काढून टाकावेच लागतात. एका धान्याची रीत दुसऱ्याला लावायची तर आधी तपासायची.

बऱ्याच ठिकाणी प्रश्न येतो की एवढं शिकून नोकरी कुठे? रुग्णालयं, शाळा-वसतिगृहांची भोजनव्यवस्था, अन्न उद्योग, पोषण योजना, अध्यापन ही ठिकाणं आहेत. पगार सगळीकडे सारखा नाही आणि सुरुवात छोटी असते, हे खोटं सांगण्यात अर्थ नाही. पण नागलीचं पीठ आणि सत्त्व विकणारे आपल्या भागातले बचत गट घ्या. डब्यावर काय लिहायचं, हे त्यांना सांगणारं माणूस आज शहरातून आणावं लागतं. ते इथलं का नसावं?

आज घरी गेलात की डब्यातलं सत्त्व गाळलेलं आहे की मोडाचं, एवढं आईला नाहीतर आजीला विचारा. गाळलेलं असेल तर चोथा कुठे जातो, तेही विचारा. उत्तर वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी आपण तिथून सुरुवात करू.