दुसऱ्याच्या मालावर उभे राहिलेले काम

संगणकाचे शिक्षण आम्ही कोणत्या कॉलेजात घेतलेले नाही. युनियनच्या वर्गणीचा हिशेब संगणकावर नेला, तेव्हा गरजेपोटी शिकलो. पहिला धक्का हा बसला की, जे सॉफ्टवेअर आपण आपले म्हणतो त्यातले फार थोडे आपण लिहिलेले असते. तारीख मांडणे, पावती छापणे ही कामे इतरांनी लिहून खुल्या ठेवलेल्या लायब्रऱ्या करतात. आणि त्या लायब्रऱ्याही आणखी दुसऱ्यांवर विसंबतात.

२२ मार्च २०१६ रोजी ह्या साखळीचा कच्चा दुवा जगाला दिसला. ‘लेफ्ट-पॅड’ ही अवघ्या ११ ओळींची लायब्ररी. काम काय, तर मजकुराच्या डावीकडे भर घालून त्याची लांबी सारखी करणे. नावाच्या एका वादातून तिच्या कर्त्याने आपले काम ‘एनपीएम’ ह्या भांडारातून काढून घेतले, आणि तिच्यावर विसंबलेली मोठमोठी कामे बांधणीच्या वेळीच अडली. सुमारे दोन तासांनी भांडाराने ती परत ठेवली. (त्या ११ ओळींचे दाम कोणी दिले होते काय, हे विचारल्यावाचून आमच्यासारख्याला राहवत नाही.)

मग कोणी म्हणेल, नवे काही घेऊच नये. तेही चालत नाही. अमेरिकेतील इक्विफॅक्स कंपनीने ‘अपाचे स्ट्रट्स’मधील दोषावर मार्च २०१७ मध्ये निघालेली दुरुस्ती सर्वत्र बसवली नाही, मे महिन्यात चोर शिरले आणि १४ कोटींहून अधिक लोकांची माहिती गेली.

तेव्हा आधी आवृत्तीचा आकडा वाचावा. ४.२.७ मधला शेवटचा अंक वाढला तर दुरुस्ती, मधला वाढला तर भर, पहिला वाढला तर जुना करार मोडला, असा संकेत आहे. करार पाळला जाईलच असे नाही, हे करारांवर सह्या केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. म्हणून नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी लॉक फाइल जपावी, तपासण्या लिहून ठेवाव्यात, आणि एका वेळी एकच लायब्ररी बदलावी.

आम्ही एकदा घाईने तीसेक लायब्रऱ्या एकदम बदलल्या. दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली. १ जूनला भरलेली वर्गणी ६ जानेवारीची दिसू लागली. दोष कोणाचा हे शोधण्यात तीन रात्री गेल्या. लॉक फाइल असती तर दहा मिनिटांत मागे फिरलो असतो. तोवर एक जुना सभासद थकबाकीदार ठरून मतदारयादीतून गळला होता. त्याचे नाव परत घातले ते कागदी पावतीपुस्तक पाहून.