आगाशिवाचा डोंगर आणि धर्माचे दोन अर्थ

कऱ्हाडलगतच्या मलकापुराजवळ आगाशिवाचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर शंकराचे देऊळ, तर अंगावर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची साठांहून अधिक बौद्ध लेणी आहेत. तेथील एका शिलालेखात गोपाळाचा पुत्र संघमित्र याने लेणे दान दिल्याची नोंद आहे. पश्चिम महाराष्ट्रातील लेण्यांत अशा दानास ‘देयधम’ म्हटलेले आढळते. याचकाच्या झोळीत पसाभर धान्य घालणे यासही मराठीत ‘दानधर्म’च म्हणतात. दोन्ही परंपरांत धर्म हा शब्द आचरणाशी असा जोडलेला आहे.

मग भेद तो कोठे? नीतीच्या मूळ नियमांत तो फारसा नाही. हिंसा, चोरी व असत्य पंचशीलात वर्ज्य आहेत. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातही अहिंसा, सत्य व अस्तेय हे चारही वर्णांचे समान धर्म सांगितले आहेत. परंतु मनुस्मृती तेथेच न थांबता वर्णपरत्वे निराळी कर्तव्ये व एकाच अपराधास निराळे दंड सांगते. बुद्धाच्या उपदेशात मात्र माणसाची योग्यता जन्मावर नव्हे, कर्मावर ठरते.

इ. स. १९०० मध्ये याच जिल्ह्यातील सातारा शहरी शाळेत दाखल झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. नीती सर्वांस सारखीच लागू असावी, असा त्यांचा आग्रह होता. धर्माचा खरा कस दानात नव्हे, तर शेजाऱ्यास आपल्या बरोबरीचा मानण्यात लागतो.